अंगात जोर नसलेल्या दिवशी काम कसं उरकायचं (आणि कुठलं काम अजिबात धरायचं नाही)

मागच्या जुलैची गोष्ट, १९ तारीख. बेळगावचा जुलै म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, गरिबांचं महाबळेश्वर म्हणून बाहेरचे कौतुक करतात, खरं आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, पोरांचे मोजे तव्यावर शेकायची वेळ येते. मी वडगावात राहते आणि घरातूनच दुकानांचे हिशोब बघते, शहापूर, खडेबाजार, गणपत गल्ली धरून नऊ दुकानं. दर महिन्याच्या ११ ला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, २० ला थ्री-बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न. म्हणजे १९ तारीख ही आमच्या धंद्यात परीक्षेच्या आदल्या दिवसासारखी.

तर त्या दिवशी साडेनऊला लॅपटॉप उघडला आणि साडेबारापर्यंत मी नेमकं काय केलं हे मला आजही सांगता येणार नाही. एक्सेल उघडं होतं, चहा तीन झाले, फोन दहा वेळा हातात घेतला. आणि एका हार्डवेअरवाल्याचं खरेदीचं बिल, लाखाचा माल, वर १८ टक्के जीएसटी, एक लाख अठरा हजार, इतकं सरळ बिल मी १,८१,००० असं टाकलं. ताळा जुळेना. फरक ६३,००० चा. आता फरकाला नवानं भाग जात असला की बहुतेक वेळा दोन आकडे उलटेपालटे पडलेले असतात, हे आम्हा हिशोबवाल्यांना झोपेत विचारलं तरी येतं. त्या दिवशी हे सुचायलाच पाऊण तास लागला.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

आमच्या शेजारी काकूंच्या घरात दोन यंत्रमाग आहेत. त्याची खटखट दिवसभर चालू असते म्हणून ती ऐकू येत नाही, बंद पडली की मात्र लगेच कळतं. मी सहज उठून गेले, म्हटलं ह्यांना पण आज सुट्टी. तर काकू पडवीत जुना हाताचा रहाट घेऊन बसलेल्या, कांड्या भरत. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी, ती संपली की दुसरी घालायची, नाहीतर माग थांबला. मी म्हटलं काकू, लाईट नाही तर जरा पडा की. तर म्हणाल्या, "पडून काय करू गं, लाईट आली की मी मागावर उभी राहणार, मग कांड्या कोण भरणार?"

मला त्या दिवशी हे एवढं लागलं की नंतर बसून ह्या विषयावर बरंच वाचलं. कारण आपण अशा दिवसाचे दोनच प्रकार करतो, एकतर नेटानं रोजच्यासारखंच काम करायला बघतो आणि चुका करतो, नाहीतर आज काय होत नाही म्हणून फोन घेऊन आडवे होतो आणि संध्याकाळी अपराधी वाटून घेतो. काकूंचा तिसरा प्रकार आहे. माग चालत नाही म्हणजे मागाचं काम होणार नाही, एवढंच. बाकीची कामं माग नसताना होतातच, उलट ती माग नसतानाच करायची असतात.

खरं त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला लागते. "अंगात जोर नाही" हे आपण एकच वाक्य बोलतो खरं त्याच्यामागं चार-पाच वेगवेगळ्या भानगडी असतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. डोकेदुखीला आणि खोकल्याला एकच गोळी घेतल्यासारखं करून चालत नाही.

पहिली भानगड झोपेची. आलेक्झांडर बोर्बेली नावाच्या शास्त्रज्ञानं १९८२ साली झोपेचं एक साधं चित्र मांडलं, ते अजून वापरतात. त्याचं म्हणणं असं की झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेचा दाब. जागं झाल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो, जितका वेळ जागं तितका जास्त साठा, आणि झोपल्यावर तो उपसला जातो. रात्री पाचच तास झोपलात तर थोडं पाणी टाकीत राहूनच गेलं, सकाळी त्याच्यावर नवीन भरायला सुरुवात. दोन-तीन रात्री असं झालं की मग बघायला नको. आणि मधे चहा काय करतो? चहा अ‍ॅडेनोसिन कमी करत नाही हो. अ‍ॅडेनोसिन मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतं त्या जागा चहातलं कॅफिन आधीच अडवून बसतं, एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तसं. प्रवासी खाली उभेच आहेत, गर्दी वाढतीच आहे, रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. म्हणून चहाचा जोर उतरला की पहिल्यापेक्षा जास्त गळाल्यासारखं वाटतं. आणि कॅफिन अंगातून निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी कुणाला जास्त. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला पण अंगात असतंय. म्हणजे आजचा दमलेला दिवस काढायला घेतलेला संध्याकाळचा चहा उद्याचा दिवस पण दमलेला करून ठेवतो. मी तीननंतर चहा बंद केला, सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

दुसरी गोष्ट शरीरातलं घड्याळ. हे खरंच घड्याळ आहे, मेंदूत डोळ्यांच्या नसांच्या वर साधारण वीस हजार पेशींचा एक ठिपका असतो तो ते चालवतो, आणि पेशींच्या आत हे घड्याळ कसं टिकटिकतं ते शोधल्याबद्दल २०१७ चं नोबेल तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं. ह्या घड्याळामुळंच दुपारी एक ते तीनच्या आसपास जोर आपोआप पडतो. आपण भाताला शिव्या देतो, आणि भरपेट भात आमटी खाल्ली की सुस्ती वाढते हे खरंच, खरं न जेवता बसलात तरी ती दुपारची उतरण येतेच. त्यामुळं दुपारी दोनला डोकं चालेना म्हणून स्वतःला आळशी म्हणायचं काही कारण नाही. नांगरणारा माणूस दुपारी औत सोडतो, बैलाला सावलीत बांधतो, त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

दुपारी पडायचं असेल तर वीस मिनिटं पडा, गजर लावून. जास्त झाली की माणूस गाढ झोपेत जातो आणि तिथून उठवलं की अर्धा-अर्धा तास डोकं भणभणतं, पाय कुठं पडतात कळत नाही, त्याला शास्त्रात पण वेगळं नाव आहे पण अनुभव सगळ्यांना आहेच.

दुसरी भानगड उजेडाची, म्हणजे आपल्या पावसाळ्याची. हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं आणि बेळगाव, खानापूर, जांबोटी ह्या पट्ट्यात राहणाऱ्याला तर हे माहीत पाहिजेच. आपल्या डोळ्यात बघायच्या पेशींशिवाय अजून एका प्रकारच्या पेशी असतात, २००२ च्या सुमारास त्यांचं काम नीट कळलं. त्यांचं काम चित्र दाखवायचं नाही, उजेड किती आहे एवढंच मोजून त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवायचं. सकाळी भरपूर उजेड पडला की घड्याळ म्हणतं दिवस उजाडला, चला. घरात ट्यूबलाईटखाली उजेड असतो शे-दोनशे लक्स (हे उजेड मोजायचं माप), फार तर तीनशे. बाहेर उन्हात तो लाखापर्यंत जातो आणि ढगाळ दिवसाला सुद्धा बाहेर हजाराच्या वर, कितीतरी वेळा दहा हजारापर्यंत. आपल्याला एवढा फरक जाणवत नाही कारण बुबुळं आणि डोळे जुळवून घेतात, खरं त्या मोजणाऱ्या पेशींना तो कळतो. तेव्हा जुलैत खिडक्या लावून घरात बसलेला माणूस त्याच्या घड्याळाच्या हिशोबानं पहाटेच्या अंधारातच बसलेला असतो. उपाय फुकट आहे. पाऊस जरा थांबला की सकाळी वीस मिनिटं बाहेर, छत्री घेऊन दुधाला चालत जायचं, गाडी काढायची नाही. तेही नसेल तर टेबल खिडकीला लावायचं. मी माझं टेबल कपाटाच्या कोपऱ्यातून उचलून गल्लीकडच्या खिडकीत आणलं, आता येणारेजाणारे सगळे आत डोकावतात आणि काय करूलाईस म्हणून विचारतात, तो एक तोटा आहे.

तिसरी भानगड म्हणजे डोकं थकणं. इथं एक गंमत आहे. बरीच वर्षं असं सांगितलं जायचं की मनाचा निग्रह म्हणजे बॅटरी, सकाळी फुल्ल, वापरली की उतरते. हे आलं १९९८ च्या एका अमेरिकन प्रयोगातून, रॉय बाउमाइस्टर आणि त्याच्या लोकांनी केलेला. भुकेल्या विद्यार्थ्यांच्या पुढं ताजी भाजलेली चॉकलेटची बिस्किटं ठेवली आणि काही जणांना सांगितलं तुम्ही फक्त मुळे खायचे. नंतर सगळ्यांना न सुटणारं कोडं दिलं. मुळेवाल्यांनी बिस्किटवाल्यांच्या निम्म्याहून कमी वेळात हात टेकले. म्हणजे मोह आवरण्यातच त्यांचा निग्रह संपला, असं म्हटलं गेलं. हे लोकांना एवढं आवडलं की जिकडं तिकडं तेच. मग २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर माणसांवर तीच कल्पना पुन्हा तपासली, तर परिणाम जवळजवळ शून्य. म्हणून "आज माझी इच्छाशक्तीच संपली" हे वाक्य म्हणताना जरा जपून.

तसंच साखरेचं. मेंदू वजनाला शरीराच्या दोन टक्के, खर्च वीस टक्के, हे खरं आहे. खरं तो खर्च बसून छत बघा नाहीतर बॅलन्स शीट जुळवा, जवळपास तेवढाच असतो, डोकं लावल्यानं फार थोडा वाढतो. तेव्हा कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईचा, तुकडा तोंडात टाकून बरं वाटतं ते कुंदा चांगला आहे म्हणून. डोक्याला पेट्रोल म्हणून नाही.

मग डोकं थकतंय कशानं? सगळं काही उलगडलेलं नाही, खरं एक गोष्ट मला माझ्या कामात डोळ्यानं दिसते. सोफी लेरॉय नावाच्या बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडं वळलं की लक्षाचा एक तुकडा पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम वाईट होतं. आता माझा दिवस बघा. बिल कन्नडमध्ये, फोन मराठीत, रिटर्न इंग्रजीत, मधे गॅसवाला हिंदीत. बोर्डावर बेळगावी वाचायचं आणि तोंडानं बेळगाव म्हणायचं ह्याची तर सवयच झाली, खरं एका दुकानाचं पान अर्धं टाकून दुसऱ्याचा फोन घ्यायचा, मग पहिल्याकडं यायचं, असं दिवसात चाळीस वेळा झालं की चाळीस तुकडे चाळीस ठिकाणी. चांगल्या दिवशी हे खपून जातं. वाईट दिवशी आधीच सूत कमी, त्यात ते पण जागोजागी तुटतंय.

म्हणून वाईट दिवसाचा पहिला नियम मी हा केला की एका वेळी एकच दुकान उघडायचं आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. उलटा करून टेबलावर नाही, दुसऱ्या खोलीत. आणि कोणी मधे बोलावलंच तर उठायच्या आधी कागदावर एक ओळ खरडायची, "बिल नं. ४७ पर्यंत झालं, ४८ चा दर विचारायचा". ही एक ओळ म्हणजे परत आल्यावर "कुठं होते मी" ह्यात जाणारी दहा मिनिटं वाचतात.

आता कांड्यांचं. मी वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी केली आणि वर लिहिलं कांड्या. त्यात अशी कामं जी करायला लागतातच, खरं चुकली तरी पैसे जात नाहीत आणि डोकं फार लागत नाही. स्कॅन केलेल्या बिलांना नावं देणं, तारखेप्रमाणं लावणं, कुणाकुणाची खरेदीची बिलं यायची राहिलीत त्यांना मेसेज टाकणं, पुढच्या महिन्याच्या रिकाम्या शीट तयार करणं, प्रिंटरची शाई, बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड करणं. ही यादी चांगल्या दिवशी करायची असते, हे महत्त्वाचं. कारण दमलेल्या दिवशी सगळ्यात अवघड काम म्हणजे काय करायचं हे ठरवणं, तिथंच माणूस फोन उचलतो. यादी तयार असली की ठरवायला काही राहत नाही, वरचं उचलायचं.

आणि ह्याच्या उलटी एक यादी, माझ्या मते ती जास्त कामाची. अशा दिवशी काय करायचं नाही. रिटर्न फायनल करून पाठवायचं नाही. मोठी रक्कम ट्रान्सफर करायची नाही. रागाच्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही. उद्यमबागच्या एका मशीन शॉपमध्ये माझा चुलतभाऊ लेथवर आहे, तो तर म्हणतो आमच्याकडं झोप न झालेल्या माणसानं आकडा चुकवला तर खोडरबर नाही, बोट जातं. त्याच्यासारख्याला कांड्या भरायची सोय नसते, त्यानं सुपरवायझरला सरळ सांगून हलकं काम मागणंच बरं. बसून काम करणाऱ्यांना हे सगळं सोपं आहे हे मला माहीत आहे. घरात सहा महिन्यांचं बाळ असलेल्या बाईला पण ह्यातलं निम्मं लागू नाही, तिला वीस मिनिटांची झोप कोण देणार, तिच्या घरच्यांनी हे वाचावं.

सुरुवातच होत नाही ह्याला काय करायचं? इथं एक युक्ती खरंच चालते, पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात तिच्यावर बरंच काम केलंय. "आज मी काम करीन" असं नुसतं ठरवायचं नाही, "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवायचं. वेळ किंवा जागा आणि त्याला चिकटलेली एक कृती. माझं असं की चहाचा कप मोरीत ठेवला की हार्डवेअरवाल्याचं फोल्डर उघडायचं. काम करायचं म्हणत नाही मी, फोल्डर उघडायचं. उघडल्यावर दहा मिनिटं बघायचं, नाहीच झालं तर बंद करून कांड्या. चार-पाच वेळातनं तीन वेळा तरी गाडी पुढं जाते, उरलेल्या वेळी मला कळतं की आज खरंच माग बंद आहे.

आता शेवटची भानगड, आणि ह्याच्यावर मी जरा कळकळीनं बोलणार. वरचं सगळं करून पण महिनोन्‌महिने दम नसेल तर युक्त्या पुरे, रक्त तपासून घ्या. माझं हिमोग्लोबिन निघालं ९.४. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असलं की अ‍ॅनिमिया धरतात. म्हणजे मी दोन वर्षं स्वतःला आळशी म्हणत होते आणि रक्तातच गाडी नव्हती माल न्यायला. ह्यात मी एकटी नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया होता. निम्म्याहून जास्त. आपल्या गल्लीतल्या बायकांना एका ओळीत उभं करा आणि मोजा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं गोळी चहाबरोबर नको आणि जेवल्या जेवल्या चहा नको, चहातले घटक लोह धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत, उलट लिंबू पिळलं तर बरं. आमच्या घरात जेवण झालं की चहाचं आधण ठेवायची पद्धत, आता तासभर थांबतो. तीन महिन्यांनी जिना चढताना लागणारी धाप गेली. थायरॉइड, बी-१२, शुगर ह्यांनी पण असंच गळून जायला होतं, हे सगळं साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं. अंदाजानं दुकानातनं गोळ्या आणून खाऊ नका.

आणि दम नाही याच्यासोबत कशातच मन लागत नाही, आवडीचं पण नकोसं वाटतं, उगीच रडू येतं, असं रोज रोज दोन आठवडे चाललं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं. त्याला कांड्यांची यादी पुरत नाही. १४४१६ हा मनाच्या आजारांवर मदतीसाठी सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, कधीही लावा, आपल्या भाषेत पण बोलता येतं. ओळखीच्यांत बोलायची लाज वाटत असेल तर अनोळखी माणसाशी बोलणं सोपं जातं.

तर त्या १९ तारखेचं राहिलंच. लाईट आली साडेतीनला. काकूंच्या पायाशी टोपली भरली होती, त्या उठल्या आणि पाच मिनिटांत खटखट सुरू. मी घरी आले आणि थ्री-बीला हातच लावला नाही, संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ दुकानांची बिलं तारखेप्रमाणं लावली, ज्यांची यायची होती त्यांना मेसेज टाकले, साडेनऊला झोपले. २० ला सकाळी सातला पाऊस उघडला होता, चालत जाऊन दूध आणलं, साडेआठला बसले आणि सव्वाअकराला शेवटचं रिटर्न गेलं. हार्डवेअरवाल्याला फोन करून सांगितलं झालं तुमचं. तर म्हणतो, "मॅडम, ह्या वेळी उशीर झाला की."

म्हटलं अहो, आज वीसच तारीख आहे.

"असू दे, खरं तुमचं अठरालाच हुतंय न्हवं."